इयर सिक्सच्या सॅट्स: घरी तयारी कुठल्या क्रमाने करून घ्यायची, आणि पेपर सगळ्यात शेवटी का

दर जानेवारीत ओळखीतल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच, की मुलगा इयर सिक्सला (इंग्लंडमधल्या प्रायमरी शाळेचं शेवटचं वर्ष) आहे, मे मध्ये सॅट्स (त्या वर्षाअखेरीला सगळ्या देशात होणाऱ्या इंग्लिश-मॅथ्सच्या परीक्षा) आहेत, जुने पेपर कुठे मिळतील. मी दरवेळी तेच सांगते, पेपर मिळतील, फुकट मिळतील, पण आत्ता नकोत. तयारीची सुरुवात पेपरने करणं ही सगळ्यात कॉमन चूक आहे आणि मोठ्या लेकीच्या वेळी मी स्वतः ती केलीये. ख्रिसमसच्या सुट्टीत एकामागून एक पेपर सोडवून घेतले, मार्क वाढत गेले, आम्ही खूश, आणि मग शाळेने मॉक (सराव परीक्षा) घेतली तर ती नेमकी त्यातल्याच एका वर्षाची निघाली. लेकीला उत्तरं पाठ होती. मार्क भरपूर आले, टीचरला वाटलं हिला फ्रॅक्शन्स छान येतात, त्यामुळे बूस्टर ग्रुपमध्ये (कच्च्या मुलांसाठी शाळेत घेतला जाणारा जादा वर्ग) तिला घेतलंच नाही, आणि तिला तर फ्रॅक्शन्सचा भागाकार अजिबात कळलेला नव्हता. हे आम्हाला कळलं एप्रिलमध्ये.

धाकट्याच्या वेळी क्रम बदलला. तोच खाली लिहितेय. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे बरं का, स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये या परीक्षा नसतात.

१. आधी ही परीक्षा काय आहे आणि काय नाही ते समजून घ्या

आपल्या डोक्यात परीक्षा म्हटलं की बोर्ड किंवा शिष्यवृत्ती असते, नंबर येणार, यादी लागणार. सॅट्समध्ये पास-नापास नाही, नंबर नाही, परत बसायची सोयही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेकंडरी स्कूल यावर ठरत नाही. सेकंडरीचा फॉर्म इयर सिक्सच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो, कुठली शाळा मिळाली ते १ मार्चच्या सुमारास कळतं, आणि सॅट्स होतात मे मध्ये. म्हणजे शाळा आधीच ठरलेली असते.

ग्रामर स्कूलची (परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी सेकंडरी शाळा) इलेव्हन प्लस ही प्रवेश परीक्षा पूर्ण वेगळी आहे. ती बहुतेक ठिकाणी इयर सिक्स सुरू होता होताच, सप्टेंबरमध्ये असते आणि तिचं रजिस्ट्रेशन त्याच्याही आधी, मूल इयर फाइव्हला असताना. या दोन परीक्षांची गल्लत करून ऑक्टोबरमध्ये ग्रामरची चौकशी करणारे पालक मी बघितलेत, तोवर वेळ निघून गेलेली असते.

मग सॅट्सचा उपयोग काय? सेकंडरीला मूल कुठून सुरुवात करतंय ते कळतं, काही शाळा सुरुवातीचे ग्रुप पाडताना हे मार्क बघतात, आणि शाळेचं काम मोजायला सरकार ते वापरतं. म्हणून तयारी करायची ती पुढच्या वर्गात मूल अडखळू नये म्हणून.

पेपर चार दिवसांत होतात. २०२६ ला ११ ते १४ मे.
- सोमवार: ग्रामर-पंक्चुएशन ४५ मिनिटं, ५० मार्क, आणि स्पेलिंग साधारण १५ मिनिटं, २० मार्क
- मंगळवार: रीडिंग, ६० मिनिटं, ५० मार्क
- बुधवार: मॅथ्सचा अरिथमेटिक पेपर ३० मिनिटं, ४० मार्क, आणि रीझनिंगचा पहिला पेपर ४० मिनिटं, ३५ मार्क
- गुरुवार: रीझनिंगचा दुसरा पेपर, तोही ४० मिनिटं, ३५ मार्क

रायटिंगचा पेपर नसतो. वर्षभर वर्गात जे लिहिलं त्यावरून टीचर ठरवतात. सायन्सचंही तसंच. त्यामुळे ट्यूशनमधून निबंध पाठ करून आणणं बिनकामाचं आहे, मुलाने स्वतःचं स्वतः लिहिलेलंच धरलं जातं.

सावधान: मॅथ्सच्या एकाही पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पण "दोनवर टिक करा" म्हटलंय तिथे तीनवर केली तर मार्क जातो.

२. सप्टेंबर-ऑक्टोबर: पेरेंट्स इव्हिनिंगला चार प्रश्न घेऊन जा

आपण काय करतो, दहा मिनिटं ऐकतो, मान हलवतो, थँक्यू म्हणून बाहेर येतो. "कसा आहे अभ्यासात" असं विचारलं की "ही इज डुइंग वेल" एवढंच उत्तर मिळतं आणि त्याने घरी काहीच करता येत नाही. त्यापेक्षा हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या.

पहिला, कुठले टॉपिक कच्चे आहेत, टॉपिकची नावं सांगा. दुसरा, शाळा मॉकसाठी कुठल्या वर्षांचे पेपर वापरणार, म्हणजे आम्ही घरी त्यांना हात लावणार नाही. तिसरा, गुणाकार भागाकार कुठल्या पद्धतीने शिकवताय, एखादं सोडवलेलं उदाहरण मिळेल का. चौथा, वेळेत पूर्ण करतो का.

चौथा प्रश्न साधा वाटतो पण त्यावर बरंच अवलंबून आहे. मूल खरंच हळू वाचत असेल, लिहिताना हात दुखत असेल, डिस्लेक्सियाची शंका असेल तर जास्त वेळ, मध्ये ब्रेक, प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती अशा सोयी मिळू शकतात. (रीडिंगच्या पेपरला उतारा वाचून दाखवत नाहीत, ते उघडच आहे.) पण या सोयी शाळेतर्फे व्हाव्या लागतात आणि वर्गात रोज अशी मदत लागते हे शाळेला दाखवावं लागतं. मे मध्ये सांगून काही होत नाही. आणि तुम्ही नुकतेच भारतातून आला असाल, मुलाला इंग्लिश अजून नीट येत नसेल, तर त्याने पेपरला बसायचं की नाही हे हेडटीचर ठरवू शकतात, तेव्हा लाजू नका, स्पष्ट बोला.

तपासा: मीटिंगनंतर तुमच्या हातात किमान तीन कच्च्या टॉपिकची नावं हवीत. नसतील तर ईमेल करून परत विचारा. टीचरला त्यात काही वाटत नाही.

३. ऑक्टोबर: भोकं शोधा, पेपर न उघडता

एक वही घ्या. एका पानावर मॅथ्सचे टॉपिक लिहा: पाढे १२ पर्यंत, मोठा गुणाकार, मोठा भागाकार, दशांश, अपूर्णांकांच्या चारही क्रिया, टक्के, रेशो, कोन, क्षेत्रफळ, मेट्रिक युनिट्स बदलणं, आलेख. प्रत्येक टॉपिकची चार गणितं तुम्हीच तयार करा किंवा शाळेच्या वहीतून काढा. दिवसाला दोन टॉपिक, त्यापेक्षा जास्त नाही.

सोडवून झालं की उत्तर बघू नका, मुलाला म्हणा आता मला शिकव. जिथे तो "असंच करतात" म्हणतो तिथे भोक आहे, उत्तर बरोबर असलं तरी. माझ्या लेकाला अपूर्णांकांचा भागाकार "उलटं करून गुणायचं" एवढंच पाठ होतं, कुठला उलटा करायचा हे तो अंदाजाने ठरवत होता आणि अर्ध्या वेळा बरोबर यायचं. पेपरमध्ये हे कधीच दिसलं नसतं.

पानावर तीन खुणा पुरतात: येतं, कधी कधी येतं, येत नाही. काम सुरू करायचं ते "कधी कधी येतं" पासून. लोक "येत नाही" पासून सुरू करतात, मूल पहिल्याच आठवड्यात वैतागतं आणि वही बंद होते.

सावधान: हे करताना चेहरा सांभाळा. "एवढं पण येत नाही?" एकदा तोंडातून गेलं की मूल पुढच्या वेळी न येणारं लपवायला लागतं, आणि मग काय शोधणार.

४. नोव्हेंबर ते फेब्रुवारी: रोज वीस मिनिटं, एका वेळी एकच गोष्ट

वीस मिनिटं म्हणजे वीसच. आठवड्यात पाच दिवस. रविवारी तीन तास बसवून ते भरून निघत नाही. फुटबॉल, डान्स, वर्षाच्या शेवटचं नाटक, शाळेची रेसिडेन्शियल ट्रिप यातलं काहीही बंद करू नका.

*मॅथ्स.* इथे आपण मराठी पालक हमखास एक घोळ घालतो, आपली पद्धत शिकवायला जातो. आपली पद्धत चुकीची नाही, पण मुलाच्या डोक्यात दोन मांडण्या झाल्या की तो दोन्हीच्या मधलं काहीतरी करतो. आधी त्यालाच विचारा शाळेत कसं मांडता, आणि तुम्ही ते शिका. दोन अंकी संख्येने गुणताना आपण लहानपणी दुसऱ्या ओळीत फुली मारायचो किंवा जागा सोडायचो. इथे तिथे शून्य लिहायला शिकवतात. अरिथमेटिक पेपरात मोठ्या गुणाकार भागाकाराला दोन मार्क असतात, उत्तर चुकलं पण उभी मांडणी बरोबर असेल आणि एकच छोटी चूक असेल तर एक मार्क मिळतो, पण ते शून्य विसरलं की तोही जातो. चौकटी पाडून गुणायची जी पद्धत धाकट्या वर्गात शिकवतात तिने उत्तर बरोबर आलं तर पूर्ण मार्क, चुकलं तर पद्धतीचा मार्क नाही. म्हणून उभी मांडणीच पक्की करा.

दुसरं म्हणजे स्वल्पविराम. इयर सिक्सला १०,०००,००० पर्यंतच्या संख्या असतात, म्हणजे आपली एक कोटी, जी आपण १,००,००,००० अशी लिहितो. घरी आजोबा लाख-कोटीत बोलत असतील तर छानच आहे, पण वहीत मांडताना तीन तीन अंकांचेच गट. पाढे मात्र मराठीत येत असतील तर मराठीतच राहू द्या, सात नव्वे त्रेसष्ट पटकन येतंय ना, मग झालं.

*रीडिंग.* मार्क सगळ्यात जास्त इथे जातात आणि घरी सगळ्यात कमी लक्ष इथे असतं, कारण मूल इंग्लिश फाडफाड बोलतं, त्यामुळे आपल्याला वाटतं वाचन तर येतंच. पेपरमध्ये तीन उतारे असतात, पुढचा पुढचा अवघड होत जातो, आणि साठ मिनिटांत वाचून ५० मार्कांची उत्तरं लिहायची असतात. मोठ्याने भरभर वाचता येणं वेगळं, ओळींच्या मधलं कळणं वेगळं.

रोज दहा मिनिटं मुलाने एक-दोन पानं वाचायची, आणि मग तुम्ही दोनच प्रश्न विचारायचे. "तुला असं का वाटलं?" आणि "कुठल्या शब्दावरून?" हे मराठीत विचारा, त्याने मराठीत उत्तर दिलं तरी चालेल. इयर सिक्स आलं म्हणून घरात मराठी बंद करणारी घरं मी पाहिलीत आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण "तो घाबरलाय हे लेखकाने म्हटलं नाहीये, मग तुला कसं कळलं" हा विचार मुलाने कुठल्याही भाषेत केला तरी डोकं तेच वापरतं, आणि आईबाबा ज्या भाषेत खोल बोलू शकतात त्या भाषेत तो जास्त खोल जातो. उत्तर इंग्लिशमध्ये लिहायची सवय शेवटी पाच मिनिटं वेगळी करा.

गोष्टींच्या पुस्तकांवरच थांबू नका, प्राणी, अवकाश, इतिहास यावरचे माहितीचे लेख आणि कविताही हव्यात, परीक्षेत यातलं काहीही येतं. आणि प्रश्नातला शब्द पाळायची सवय लावा. "एक शब्द शोधून लिहा" म्हटलं की एकच शब्द, आख्खं वाक्य उतरवलं तर मार्क नाही. तीन मार्कांच्या प्रश्नाला मुद्दा आणि त्याला उताऱ्यातला पुरावा दोन्ही लागतं, मुलं मुद्दा लिहून पुढे जातात.

*ग्रामर आणि स्पेलिंग.* इथे नावं माहीत असावी लागतात: मोडल व्हर्ब, रिलेटिव्ह क्लॉज, डिटरमायनर, पॅसिव्ह, सबजंक्टिव्ह. आपण शाळेत शिकलेली नावं थोडी वेगळी होती, तेव्हा शाळेची यादी मागून घ्या, आठवड्याला दोन नावं, प्रत्येकाची तीन वाक्यं मुलाने स्वतः करायची. स्पेलिंगसाठी इयर थ्री-फोर आणि इयर फाइव्ह-सिक्स अशा दोन ठरलेल्या याद्या आहेत, फुकट मिळतात. रोज पाच शब्द, पण सुटा शब्द न सांगता पूर्ण वाक्य वाचून सांगा कारण परीक्षेत तसंच असतं.

तपासा: फेब्रुवारीच्या हाफ-टर्मला (टर्मच्या मधली सुट्टी) तिसऱ्या पायरीची वही परत काढा, तेच टॉपिक, नवीन गणितं. किमान निम्म्या "कधी कधी" खुणा "येतं" मध्ये गेल्या नसतील तर पद्धत बदला. तास वाढवू नका.

५. मार्चपासून: आता पेपर काढा

पेपर सरकारी वेबसाइटवर फुकट असतात, उत्तरपत्रिकेसकट. २०१६ पासूनचेच घ्या. त्याआधीचा अभ्यासक्रम वेगळा होता, त्यात लेव्हल होत्या, तोंडी गणिताची टेस्ट होती, ते सोडवून मूल गोंधळतं. २०२० आणि २०२१ ला कोविडमुळे परीक्षाच झाल्या नाहीत, म्हणून त्या वर्षांचे शोधत बसू नका. शाळेने सांगितलेली वर्षं बाजूला काढा.

क्रम असा:
1. पहिला सेट (म्हणजे एका वर्षाचे सगळे पेपर) घड्याळाशिवाय. फक्त पेपर कसा दिसतो ते कळण्यासाठी.
2. दुसऱ्या सेटला वेळ लावा, पण वेळ संपल्यावर पेनचा रंग बदलून पुढचं पूर्ण करू द्या. म्हणजे वेळ कमी पडतोय की येत नाहीये हे वेगळं दिसतं.
3. तिसऱ्यापासून पूर्ण वेळ लावून. एका दिवशी एकच पेपर, आठवड्याला जास्तीत जास्त दोन.

सोडवण्यापेक्षा नंतरचा अर्धा तास महत्त्वाचा. मूल स्वतः मार्किंग स्कीम बघून तपासेल, तुम्ही शेजारी. प्रत्येक गेलेला मार्क तीनपैकी एका रकान्यात: आलं नाही, घाई झाली, प्रश्न नीट वाचला नाही. तीन पेपरनंतर रकाने बोलायला लागतात. आमच्याकडे दोन तृतीयांश मार्क "प्रश्न नीट वाचला नाही" मध्ये होते, मग गणितं वाढवून काय उपयोग, प्रश्नातल्या महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावली आणि एप्रिल सगळा त्यातच गेला.

रीडिंगला वेळ वाटून घ्यायला शिकवा. तिन्ही उताऱ्यांना वीस-वीस मिनिटं दिली तर शेवटचा राहतो. साधारण पंधरा, वीस, पंचवीस असं जमतं. अडलेल्या प्रश्नाला खूण करून पुढे जायचं.

सावधान: कच्च्या मार्कांना टक्क्यांत मोजू नका. मार्क स्केल होतात, ८० ते १२० मध्ये, आणि १०० म्हणजे अपेक्षित पातळी. त्या १०० साठी किती मार्क लागतात ते दरवर्षी बदलतं, २०२३ ला रीडिंगमध्ये ५० पैकी २४ पुरले होते. घरी ५० पैकी ३० आले म्हणून "साठच टक्के?" असं म्हणालात तर चांगलं करणाऱ्या मुलाला तुम्ही नापास करून टाकाल.

६. परीक्षेचा आठवडा

शेवटच्या शनिवार-रविवारी नवीन काहीही नाही. सगळ्यात कठीण ही पायरी आहे, आईबाबांसाठी. हवं तर पाच स्पेलिंग, बास. आदल्या आठवड्यापासून झोपेची वेळ नीट लावा, या वयाला ९ ते १२ तास झोप लागते. बऱ्याच शाळा त्या आठवड्यात सकाळी नाश्ता देतात, मित्रांबरोबर खायला जाऊ द्या.

मूल आजारी पडलं तर शाळा उघडताच फोन करा. ठरलेल्या दिवसापासून पाच शाळेच्या दिवसांत तो पेपर देता येईल अशी परवानगी शाळा मागू शकते, अट ही की तोवर त्याला पेपरमध्ये काय आलं ते कळता कामा नये. याच कारणाने घरी आल्यावर कुठला प्रश्न आला होता ते ग्रुपवर टाकू नका. आणि मे च्या त्या पंधरवड्यात भारताचं तिकीट काढू नका, लग्न कितीही जवळच्याचं असो.

मंगळवारी रीडिंग अवघड गेला म्हणून रडत आलेलं मूल बऱ्याच घरी असतं, आमच्याकडेही होतं. उत्तरं काय लिहिलीस ते विचारलं नाही, जेवायला घातलं, पार्कात गेलो. बुधवारी त्याला मॅथ्स द्यायचं होतं.

तपासा: रोज सकाळी चष्मा, पाण्याची बाटली, नाश्ता. पेन्सिल, पट्टी, कोनमापक शाळा बघते.

७. मे नंतर जुलैपर्यंत

सॅट्स संपल्या की वही फेकू नका. रायटिंगचा टीचरचा निर्णय जूनअखेरपर्यंत होतो, म्हणून परीक्षा झाल्याबरोबर शाळा बुडवून फिरायला जाणं बरोबर नाही.

निकाल जुलैत शाळेला येतो आणि टर्म संपायच्या आधी रिपोर्टमधून तुम्हाला मिळतो. १०४ आले म्हणजे १२० पैकी १०४ नाही, अपेक्षेच्या वर आहे एवढंच. ११० आणि पुढे म्हणजे वरची पातळी. ९७ आले तर सेकंडरीच्या ट्यूटरला सप्टेंबरमध्येच सांगा की कुठल्या विषयात आणि तुमच्या वहीतल्या कुठल्या टॉपिकमध्ये, ते पान फोटो काढून पाठवा, त्यांना नुसत्या आकड्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. बऱ्याच सेकंडरी शाळा सुरुवातीला स्वतःची एक टेस्ट घेतात, तिची तयारी करायची नसते, पुस्तकं आणू नका.

जुलैत नव्या शाळेचा ट्रान्झिशन डे (नवी शाळा बघायला मुलांना बोलावतात तो दिवस) असतो. त्याआधी एकदा शाळेच्या वेळेला बसने जाऊन या, मुलाला पुढे चालू द्या, तुम्ही मागे.